पाहुणीसमोर नको

इंजिनीअरबाईने बॅगेची चेन अर्धी लावली असेल-नसेल, तेवढ्यात फोरमनची बायको दारात आली. तिने बॅगेत वरच ठेवलेला राखी स्वेटर उचलला, बाही उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली,

“हा धुवायला टाकते.”

“नको वहिनी. आज लॉजवर गेले की धुईन मी.”

“लॉजवर कुठे वाळायचा तो? इथे हीटर तरी आहे.”

स्वेटर तिच्या काखेत गेला आणि ती निघूनही गेली. बॅग उघडीच राहिली. परक्या मुलुखात चार-चार पुरुष हाताखाली घेऊन यंत्रं उभी करणारी ही बाई, पण यजमानिणीच्या हातातून आपलाच मळका स्वेटर ओढून घेणं काही तिला जमेना. ती पलंगाच्या कडेवर बसून राहिली.

औषधाच्या गोळ्या पट्टीत बंद करणारी यंत्रं बसवून द्यायची आणि तिथल्या लोकांना ती चालवायला शिकवायचं, हे तिचं काम. या कारखान्यात ती तिसऱ्यांदा आली होती. इथली भाषा आता तिच्या तोंडात चांगली रुळली होती. नाताळात कारखाना दहा दिवस बंद राहणार होता. तेवढ्यासाठी मायदेशी जाऊन यायचं तर निम्मी सुट्टी विमानतळांवरच संपली असती. म्हणून तिने आपल्यापुरता सुखाचा बेत आखला होता: लॉजवरची खोली, चहाची किटली, दोन जाडजूड कादंबऱ्या आणि आतून लावलेलं दार. पण लॉजवाल्यानेही चार दिवस सुट्टी घ्यायचं ठरवलं आणि फोरमन म्हणाला, “आमच्याकडे चला की. दोन दिवसांचा तर प्रश्न.” इतक्या साध्या बोलण्याला नाही म्हणायला काही कारणच सापडलं नाही. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

दोनाचे चार दिवस झाले होते. नाताळ होऊन गेला होता. कोपऱ्यातल्या झाडावरची दिव्यांची माळ दिवसासुद्धा लुकलुकत होती, आणि ती बंद करायचं कुणाच्या मनात येत नव्हतं. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, हे तिला लहानपणापासून पाठ होतं. पण या घरात उलटंच चाललं होतं. जसजसे दिवस जात होते तसतशी घराची तिच्यावरची पकड घट्ट होत होती. ती बूट घालू लागली की कुणीतरी सोबत निघायचं. चावी मागितली तर “चावी कशाला, आम्ही आहोतच की” असं उत्तर यायचं. खिडक्या थंडीमुळे बंद. बस सुट्टीमुळे बंद. गाडी एकच, ती फोरमनची.

दुपारी चौघं जेवायला बसले. फोरमन, त्याची बायको, नाताळापुरती राहायला आलेली त्याची आई, आणि इंजिनीअरबाई. म्हातारी अठ्ठ्याहत्तरची होती. दुसऱ्या गावी एकटी राहायची, आणि एक तारखेला परत जाणार होती.

“ताई, सूप जरा गार झालंय का हो?” फोरमनने विचारलं.

“नाही, ठीक आहे.”

“ताई, गरम करून आणू?” त्याची बायको म्हणाली. “मला कुणी आधी सांगितलं असतं की जेवायला उशीर होणार आहे, तर मी नंतरच गरम केलं असतं.”

“उशीर मुद्दाम नाही केला, ताई. गाडीचं चाक बघत होतो.”

“गाडी महत्त्वाचीच ना, ताई.”

दोघंही तिच्याकडे बघून हसले. तीही हसली. लेकी बोले सुने लागे, ही म्हण तिला ठाऊक होती. चार दिवस आपणच ती लेक झालो आहोत, हे तिला आत्ता उमगलं. नवरा-बायकोचं बोलणं एकमेकांकडे जातच नव्हतं. ते तिच्यावर आदळायचं आणि तिथून वळून जायचं. अकरा वर्षं ती मामाकडे वाढली होती. मामा-मामीचा अबोला असला की “मामीला सांग, मी उशिरा येईन” आणि “मामांना सांग, जेवण झाकून ठेवते” असे निरोप पोचवायचं काम तिच्याकडे असायचं. तेव्हा पोट भरलं नसलं तरी भरलं म्हणायची सवय लागली होती.

“आणखी वाढू?” वहिनीने विचारलं.

“पुरे. पोट भरलं,” ती म्हणाली, आणि आपल्याच आवाजाने चपापली.

जेवणानंतर ती आपल्या खोलीत आली. आपली म्हणायची एवढंच. घरातली ही सगळ्यांत लहान खोली होती. एक पलंग, इस्त्रीचं टेबल, भिंतीत कपाट. एक चप्पल पायाने पलंगाखाली ढकलली गेली होती ती काढायला ती वाकली, तर चपलेच्या मागे पुरुषाच्या सपाता. त्यामागे कॉफीचा तळ वाळलेला मग आणि वाचायचा चष्मा. तिने आजवर उघडलं नव्हतं ते कपाट उघडलं. इस्त्री केलेले सहा शर्ट, कारखान्याचे. दाढीचं सामान. गजराचं घड्याळ, पाच दहाला लावलेलं. फोरमनची पाळी सहाला सुरू व्हायची. गादीच्या मध्यभागी लांबलचक खळगा होता, आणि चार दिवस तिला झोप न लागण्याचं तेही एक कारण होतं. फोरमन सहा फुटी होता.

सकाळी वहिनी त्यांच्या खोलीत जमिनीवरच्या अंथरुणाची वळकटी करून पलंगाखाली सरकवताना दिसली होती. कंबर धरत असेल, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

इंजिनीअरबाईने कपाट हळूच लावलं, आणि आपण चोरी केल्यासारखी बराच वेळ दाराला पाठ लावून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फोरमनला स्पष्टच सांगितलं, “लॉज उघडलं असेल. मला सोडा.” तो लगेच तयार झाला. बॅग मात्र “आधी बघून तर येऊ” म्हणून घरीच राहिली.

लॉजसमोर गाडी थांबली. त्याने इंजिन चालूच ठेवलं. तळमजल्यावर दिवे होते, पडदे सरकवलेले होते, आणि रखवालदार पायऱ्या झाडत होता. त्याने गाडी ओळखली, झाडू खाली टेकवला आणि हात हलवला.

“बंदच दिसतंय,” फोरमन म्हणाला.

इंजिनीअरबाईने त्याच्याकडे पाहिलं. यंत्राचा पट्टा तुटला तरी ज्याचा चेहरा हलत नसे त्या माणसाची हनुवटी थरथरत होती. बाहेर रखवालदाराचा हात अजून वरच होता.

“हो,” ती म्हणाली. “बंद दिसतंय.”

गाडी पुढे निघाली. एका बंद दुकानापाशी त्याने ती परत थांबवली.

“तुम्हाला कळलंय,” तो म्हणाला.

“कपाट उघडलं मी. माफ करा.”

“माफी कसली. माझंच चुकलं, शर्ट हलवायला हवे होते.” तो समोर बघत बोलत होता. “भांडण वगैरे काही नाही हो. बावीस वर्षं झाली. दोघांनी मिळून ठरवलंय. ती चष्म्याच्या दुकानात काम करते ना, त्याच्या वरच्या मजल्यावर एक घर बघितलंय तिने. फक्त आई तिच्या गावी परत जाईपर्यंत थांबलोय.”

“आईंना सांगून टाका ना.”

“आईचा माझ्यापेक्षा तिच्यावर जास्त जीव आहे. आणि दोन खोल्यांत दोघं झोपतोय हे आईच्या नजरेतून सुटलं नसतं. तुम्ही आलात, ती खोली भरली. मग मला तिकडे जायला कारण मिळालं.” तो जरासा हसला. “लहानपणी आम्ही भावंडं भांडायला लागलो की आई दटावायची, पाहुण्यांसमोर नको. म्हटलं, पाहुणाच आणून ठेवू.”

असल्या कबुलीवर राग तरी कसा धरायचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. एकटं राहता यावं म्हणून तिने आयुष्यभर लॉजच्या खोल्या पत्करल्या होत्या, आणि आता एका घराचा डोलारा तिच्या एकटीच्या खांद्यावर येऊन बसला होता.

घरी आल्यावर वहिनीने विचारलं, “उघडलं होतं?”

“बंद आहे अजून,” फोरमनच्या आधी तीच बोलली.

वहिनी भाजी चिरत होती. फोरमन आईजवळ जाऊन बसल्यावर ती सुरी न थांबवता हलकेच म्हणाली,

“सांगितलं ना त्याने तुम्हाला?”

इंजिनीअरबाईने कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

“तुम्हाला त्रास होतोय, कळतं मला. स्वेटर कालच वाळलाय, खरं सांगायचं तर. तुम्ही आल्यापासून तो दोन शब्द तरी बोलतो. माझ्याशी नाही, तुमच्याशीच. पण मला ऐकू येतात ना.” तिने चिरलेली भाजी पातेल्यात लोटली. “चार महिन्यांत त्याचा आवाज विसरले होते मी. राहा हो एक तारखेपर्यंत.”

असं म्हटल्यावर जाणार तरी कशी? ती राहिली. त्या दिवशी जेवताना नवरा-बायकोने तिला मिळून सतरा प्रश्न विचारले, आणि तिने सतरांनाही उत्तरं दिली.

एकोणतीस तारखेला दोघं सामान आणायला गेली. तेवढ्यात एक फेरी मारून यावं म्हणून इंजिनीअरबाईने कोट चढवला, तर म्हातारीने हाक मारली. कोमट पाण्याच्या टोपात पाय सोडून ती खुर्चीत बसली होती, आणि मांडीवर नखं काढायची कात्री होती.

“मला वाकता येत नाही बघ. एवढं करशील?”

कोट काढून इंजिनीअरबाई जमिनीवर बसली. म्हातारीची टाच तिने मांडीवर घेतली. नखं जुन्या शिंगासारखी जाड झाली होती. सांभाळून कापावी लागत होती.

“दरवेळी सूनच काढते,” म्हातारी म्हणाली. “या खेपेला तिला सांगितलं नाही. तिच्या हाताला हल्ली घाई असते.”

“सुट्टीत कामं असतात ना, आई.”

“तुलाही खोटं बोलायला लावलं का त्यांनी?”

कात्री थांबली.

“काप तू, काप. दर रविवारी मला सुनेचा फोन येतो. मुलाचा नाही येत, सुनेचाच येतो. आधी म्हणायची, आम्ही जेवलो, आम्ही फिरून आलो, आम्हाला सर्दी झाली. नवऱ्याला शिंक आली तरी आम्हाला सर्दी. ऑगस्टपासून म्हणते, मी जेवले. एवढंच. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.”

“मग सांगून टाका त्यांना. तुम्हाला माहीत आहे म्हणून. सगळीच सुटतील.”

“हो ना. सुटतीलच.” म्हातारीने दुसरा पाय पुढे केला. “मला माहीत नाही तोवर ती माझी सून आहे. कळलं की मग ती माझी कोण? दुकानात चष्मा बसवून देणारी बाई. जपून, त्या करंगळीला फार दुखतं.”

तिने करंगळीचं नख चार वेळा थोडं थोडं करून कापलं.

“मी जानेवारी संपेपर्यंत राहीन म्हणते,” म्हातारी म्हणाली. “तूही राहा. कारखान्यात इथूनच जात जा. तुझ्यामुळे बरं चाललंय.”

टोपातलं पाणी न्हाणीघरात ओतून इंजिनीअरबाई तिथेच थांबली. आरशावर वाफ धरली होती. तिघंही एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होती, आणि झाकण म्हणून तिला वर ठेवलं होतं. एक तारखेची मुदत आता महिनाभर लांबली होती. तिने नळ सोडला आणि उगाचच बराच वेळ हात धुतले. बाहेर कुलपात चावी फिरली, पिशव्या टेकल्याचा आवाज आला, आणि लगेच दोन्हीकडून हाक आली, “ताई, अहो ताई.”

तीस तारखेच्या जेवणापर्यंत तिने काही ठरवलं नव्हतं. ठरवलं असतं तर कदाचित तिला बोलताही आलं नसतं. जेवण जवळजवळ होत आलं होतं. म्हातारीने हातांचे पंजे भाकरीसारखे सपाट टेबलावर पसरले आणि म्हणाली,

“पुढच्या नाताळात सगळे माझ्याकडे या. मी आता किती दिवसांची.”

फोरमन इंजिनीअरबाईकडे वळला.

“ताई, तुम्हीसुद्धा या पुढच्या वर्षी. आईच्या गावी नदी आहे.”

“पुढच्या वर्षी कोण कुठे असेल, काय सांगावं,” त्याची बायको म्हणाली. “नाही का, ताई?”

“असायचं कुठे ते माणसाच्या हातात असतं, ताई.”

“सगळंच एका माणसाच्या हातात नसतं ना पण, ताई.”

दोघंही थांबली. आता तिने काहीतरी हलकंफुलकं बोलायचं, म्हणजे सगळे हसतील आणि ताटं उचलली जातील, हे चौघांनाही माहीत होतं. फोरमनच्या बायकोच्या हातात चमचा होता आणि तो ताटलीच्या काठावर बारीक वाजत होता.

इंजिनीअरबाईने पाण्याचा पेला खाली ठेवला.

“मला नका विचारू,” ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा शांत निघाला. “तुम्ही वहिनींना विचारा. वहिनी, तुम्ही त्यांना सांगा. मी आज जाते. लॉज उघडं आहे. परवाही उघडंच होतं.”

चमच्याचा आवाज थांबला. फोरमनने बायकोकडे पाहिलं. सात दिवसांत इंजिनीअरबाईला पहिल्यांदाच ते दिसलं. दोघांचीही नजर वळली नाही.

म्हातारी एकटीच उठली, आणि ताटली घेऊन स्वयंपाकघरात गेली.

बॅग भरायला पाच मिनिटं लागली. या वेळी दारात कुणी आलं नाही. स्वेटर राहिला तर राहू दे, असं म्हणत तिने चेन लावली आणि कोट घातला. वहिनीने दारापर्यंत येऊन तिचा हात दोन्ही हातांत घेतला. जिना उतरून ती गाडीपाशी आली, तर पुढच्या सीटवर म्हातारी आधीच बसलेली. मांडीवर तिची काळी पर्स, चेन न लागण्याइतकी फुगलेली.

“मीही येते सोडायला,” म्हातारी म्हणाली. “घरात बसून बसून पाय आखडलेत.”

लॉजवर रखवालदाराने चावी दिली. फोरमनने बॅग पहिल्या मजल्यावर नेऊन ठेवली. त्याच्यामागून कठड्याला धरत, एकेक पायरी मोजून टाकत म्हातारी वर आली, आणि खोलीत शिरून सरळ पलंगावर बसली. पर्स उघडून तिने गोळ्यांची डबी काढली आणि उशाशी ठेवली. मग दात ठेवायची वाटी. मग घडी घातलेला झोपायचा झगा.

“आई, हे काय?” फोरमन म्हणाला.

“मी इथे राहते हिच्याकडे.”

“कशासाठी?”

“तू घरी जा.”

“आई, तू आधी ऐकून घे.”

“मला काही सांगू नकोस. मला ऐकायचंच नाहीये.” म्हातारी बुटांचे बंद सोडवायला वाकायचा प्रयत्न करत होती; हात पोचत नव्हते. “ती एकटी आहे घरी. तू जा.”

फोरमन तसाच उभा राहिला. एवढा थोरला माणूस, पण खोलीत कुठे उभं राहावं हे त्याला कळेनासं झालं. मग तो खाली बसला, आईचे बूट काढले, शेजारी शेजारी पलंगाखाली ठेवले, आणि कुणाकडेही न बघता निघून गेला.

“एकच उशी आहे ही,” म्हातारी म्हणाली.

इंजिनीअरबाई जिना उतरून रखवालदाराकडे गेली. त्याने फडताळातून दोन उशा काढून दिल्या. ती एकेक काखेत मारून वर आली. म्हातारी अनवाणी, अर्ध्या उघड्या खिडकीशी उभी होती. बाहेर उजेड मंदावला होता. खाली गाडी अजून होती, इंजिन बंद. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून फोरमन आत बसला होता. रस्ता एकीकडे कारखान्याकडे जायचा, दुसरीकडे घराकडे.

दोघी बघत राहिल्या. बराच वेळ गेला. मग दिवे लागले, गाडी मागे आली, थांबली, आणि घराच्या बाजूला वळली.

म्हातारीने खिडकीवरचा हात काढला. तिथे काचेवर तिच्या पंजाचा ओला ठसा राहिला होता.

“लाव ती,” ती म्हणाली. “गार वारा येतोय.”

इंजिनीअरबाईने खिडकी लावली. दोन्ही उशा भिंतीकडच्या बाजूला ठेवून पलंगावरचं पांघरूण नीट केलं, आणि स्वतःसाठी खुर्ची ओढली.